क्रूझरचा साज : आधी बसणाऱ्याची सोय

पुण्याच्या नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची आणि साजाची दुकाने किती दाट आहेत, हे पुणेकराला सांगायला नको. सीट कव्हर, हँडल, लेग गार्ड, जादा दिवे, हॉर्न, सायलेन्सर, चामड्याच्या दिसणाऱ्या पण रेक्झिनच्या असणाऱ्या पिशव्या असा सगळा माल तिथे मिळतो. या बाजारात मालक म्हणून, फिटर म्हणून, सीट शिवणारे कारागीर म्हणून आपले अनेक बांधव पोट भरतात. याच बाजारात गिऱ्हाईक म्हणून जाणारेही आपल्यातलेच आहेत. नमुन्याचे कापड घेऊन सासवड, भोर, शिरवळ, सातारा अशी फेरी करणारा व्यापारी किंवा दिवसभर कारखान्यात उभा राहून सुट्टीला घरच्यांना घेऊन फिरायला निघणारा कारागीर यांना हल्ली क्रूझर मोटारसायकल आवडू लागली आहे. गाडी घेतली की महिन्याभरात तिला काही ना काही जोड देण्याची इच्छा होते. ती देताना काय घ्यावे, कुठल्या क्रमाने घ्यावे, कसे बसवावे आणि काय टाळावे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. इंजिन उघडण्याचे काम आमचे नाही. पण सीटचे कापड, शिलाईचा दोरा, पदर आणि दुपट्टा हे विषय आमचे आहेत, आणि क्रूझरच्या साजातला निम्मा हिशेब तिथेच असतो.

क्रूझर म्हणजे कोणती गाडी?

क्रूझर म्हणजे ठेंगण्या सीटची, दोन चाकांत जास्त अंतर असलेली, मागे वळलेल्या रुंद हँडलची, पाय पुढे टाकून आरामात चालवायची मोटारसायकल. आपल्याकडे ही चाल रुजवण्यात आकुर्डीच्या बजाज कंपनीचा मोठा हात आहे. २००१ साली कावासाकीच्या सहकार्याने १७५ सीसीची ‘एलिमिनेटर’ आली. २००५ साली तिच्याच घडणीवर पल्सरचे इंजिन बसवून ‘अ‍ॅव्हेंजर’ निघाली आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. रॉयल एनफिल्डने २००२ साली ‘थंडरबर्ड’, २०२० साली ‘मिटिऑर ३५०’ आणि २०२३ साली ‘सुपर मिटिऑर ६५०’ बाजारात आणली.

या गाड्यांचा गुण आणि दोष एकाच घडणीतून येतात. अ‍ॅव्हेंजर २२० ची सीट जमिनीपासून ७३७ मिलिमीटरवर, तर मिटिऑरची ७६५ मिलिमीटरवर आहे. त्यामुळे ठेंगण्या माणसाचेही दोन्ही पाय टेकतात. पण पाय पुढे गेले की शरीराचा सगळा भार कंबरेवर आणि बैठकीवर येतो. साध्या मोटारसायकलवर खड्डा आला की माणूस फूटरेस्टवर जोर देऊन किंचित उठतो. क्रूझरवर तसे उठता येत नाही, खड्ड्याचा दणका थेट माकडहाडाला बसतो. म्हणून क्रूझरची सीट हा शोभेचा विषय नाही.

यावरून आम्ही एक साधा नियम धरतो. बसणाऱ्याच्या अंगाला जी वस्तू लागते तिच्यावर पैसा आधी घालावा. जी फक्त रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांत किंवा कानांत भरते, तिचा नंबर शेवटी. आणि काही वस्तूंना नंबरच देऊ नये.

सीट : फोम, रेक्झिन आणि दोरा

सीट बदलायची म्हणजे बहुतेकजण वरचे कव्हर बदलतात. त्याने रूप बदलते, आराम बदलत नाही. आराम फोममध्ये आहे. फोम घेताना जाडीपेक्षा घनता विचारावी. बाजारात ‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ असे म्हणतात, म्हणजे एका घनमीटर फोमचे वजन किती किलो ते. हलका फोम दुकानात दाबून पाहिला तर लोण्यासारखा मऊ लागतो, पण तासाभरात बसतो आणि खालचा कडक तळ लागू लागतो. जड फोम पहिल्या दिवशी टणक वाटतो, पण कात्रजचा घाट चढून, खंबाटकी ओलांडून साताऱ्याला उतरेपर्यंत साथ देतो. उत्तम उपाय म्हणजे खाली टणक आणि वर पाऊण-एक इंच मऊ थर. दोन थर चिकटवताना सोल्युशन पूर्ण वाळू द्यावे, नाहीतर गुठळी राहते आणि ती टोचते.

फोम वाढवताना सीटची उंचीही वाढते, हे विसरू नये. ज्याचे पाय आत्ताच टाचा उचलून टेकतात, त्याने उंची वाढवण्याऐवजी आहे तोच फोम कोरून बैठकीला किंचित खोलगट आकार द्यावा आणि मागे कंबरेला आधार ठेवावा.

आता रेक्झिन. रेक्झिनची पाठ उलटून पाहा. पाठीला विणलेले, म्हणजे होजिअरीसारखे कापड असेल तर ते दोन्ही बाजूंना ताणते आणि सीटच्या वळणावर सुरकुती न पडता बसते. पाठीला मागावरचे, आडवे-उभे विणीचे कापड असेल तर ते ताणत नाही, मग कारागीर वळणावर चुण्या घेतो आणि वर्षभरात तिथेच चीर पडते. दुसरी गोष्ट म्हणजे गुळगुळीतपणा. चकचकीत रेक्झिनवर ब्रेक मारताच मागचा माणूस पुढे सरकतो आणि चालवणाऱ्याचे हात हँडलवर दबतात. बारीक दाणेदार पृष्ठभाग घ्यावा.

दोरा पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा हवा. सुती दोरा दोन पावसाळ्यांत कुजतो. शिलाई जितकी कमी तितकी बरी, विशेषतः जिथे माणूस बसतो त्या जागी. हिऱ्याच्या आकाराची भरगच्च शिलाई फार सुरेख दिसते, पण सुईचे प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट. पुण्याच्या पावसात फोम स्पंजासारखा पाणी पितो आणि ऊन पडले तरी दोन दिवस कपडे ओले करतो. नक्षी हवीच असेल तर ती बाजूंना घ्यावी आणि फोमवर पातळ प्लास्टिकचा थर घालून मग कव्हर चढवावे. जुने कव्हर फेकून देऊ नये. ते उसवून त्याचाच फर्मा केला तर नवे माप चुकत नाही.

मागे बसणाऱ्यासाठी बॅकरेस्ट ही क्रूझरवरची सर्वांत उपयोगी जोड आहे. पण तिचा दांडा मडगार्डच्या पत्र्याला नव्हे, चासीला येणाऱ्या बोल्टांना बसला पाहिजे. बसवल्यावर दोन्ही हातांनी मागे ओढून पाहावे. मडगार्ड हलला तर काम पुन्हा करून घ्यावे.

साडी गार्ड : काढायचाच नाही

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. क्रूझर घेणारी तरुण मुले दुकानात येऊन पहिली फर्माईश करतात ती साडी गार्ड काढण्याची. मागच्या चाकाचा रुंद टायर दिसला पाहिजे, जाळीने गाडीचा डौल बिघडतो, असे त्यांचे म्हणणे. फिटरला पाच मिनिटांचे काम असते, तो पाना लावतो आणि जाळी कोपऱ्यात पडते. संध्याकाळी त्याच गाडीवर घरातली आई, बहीण किंवा बायको बसते.

कापडवाला म्हणून आम्ही सांगतो ते नीट ऐकावे. दुपट्टा सव्वादोन ते अडीच मीटर लांब असतो, साडी साडेपाच मीटर. पूर्वी पदर सुती असत, जुना झाला की ताणाबरोबर फाटत. आज जॉर्जेट, शिफॉन, क्रेप यांत पॉलिएस्टरचाच माल जास्त विकला जातो. बुरख्याचे कापडही बहुतांशी कृत्रिम धाग्याचे असते. हे कापड हाताला रेशमासारखे हलके लागते, वाऱ्याने सहज उडते, पण त्याला पीळ बसला की ते फाटत नाही, दोर बनते. अ‍ॅव्हेंजरचे मागचे चाक घेतले तर त्याचा घेर सुमारे १.९ मीटर आहे. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाला ते सेकंदाला जवळजवळ सहा फेरे घेते. टोक चाकात किंवा चेनमध्ये गेले तर ‘अहो थांबा’ हे दोन शब्द उच्चारायलाही वेळ मिळत नाही. दुपट्टा गळ्याभोवती असला तर त्याचा फास बसतो. अशा अपघातांत बायका जन्माच्या जायबंदी झाल्या आहेत, काहींचे प्राण गेले आहेत.

हा नुसता आमचा उपदेश नाही, कायदाही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ सांगतो की मागे माणूस बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला बाजूला किंवा चालकाच्या सीटमागे धरण्यासाठी कायमची मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे संरक्षण हवे. ते कशासाठी, हेही नियमातच लिहिले आहे : मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून.

ज्याला कंपनीच्या जाळीचा आकार खरोखर आवडत नाही त्याने ती काढण्याऐवजी बदलावी. आपल्या वेल्डिंगच्या कारागिरांना इथे काम आहे. गाडीच्या वळणाला शोभेल अशी, सळ्यांमधले अंतर कमी ठेवलेली, टोके गोल केलेली, काळ्या पावडर कोटिंगची जाळी सहज बनते. निम्म्यापेक्षा कमी चाक झाकणारी जाळी मात्र बनवू नये, गिऱ्हाईकाने कितीही आग्रह केला तरी. आणि जाळी असली तरी बसताना पदर मांडीखाली घेणे, दुपट्ट्याची टोके पुढे घेऊन गाठ मारणे, बुरख्याचा घेर आवरून बसणे ही सवय घरात लावून द्यावी.

हँडल, फूटरेस्ट आणि लेग गार्ड

हँडल जवळ आणायचे किंवा उंच करायचे असेल तर आधी उगाच नवे हँडल घेऊ नये. कंपनीच्या हँडलचे क्लॅम्प सैल करून ते थोडे मागे फिरवता येते का पाहावे, बऱ्याचदा तेवढ्यानेच खांद्याचे दुखणे थांबते. उंची हवी असेल तर क्लॅम्पखाली रायझर बसतात. मात्र हँडल जितके वर आणि मागे जाईल तितक्या क्लचच्या आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल, ब्रेकची नळी आणि वायरी ताणल्या जातात.

याची परीक्षा सोपी आहे. गाडी मुख्य स्टँडवर किंवा कुणाच्या तरी हाती सरळ उभी करावी, इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवावे आणि हँडल सावकाश डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण वळवावे. इंजिनचा आवाज वाढला तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे. ब्रेकची नळी कुठे ताठ होते, कुठे दुमडते, तेही पाहावे. दोष दिसला तर योग्य लांबीची केबल आणि नळी घालावी किंवा रायझर काढावा. गल्लीत वळताना गाडीने आपोआप वेग घेतला तर पुढचा माणूस आपल्या हँडलवर येतो.

लेग गार्ड घेताना पाइप वाजवून आणि वजन हातात तोलून पाहावे. पातळ पाइपाला कितीही क्रोम असले तरी गाडी पडताच तो दुमडतो आणि पायावर येतो. बहुतेक लेग गार्ड चासीला किंवा इंजिन माउंटिंगच्या बोल्टला बसतात. कंपनीचा बोल्ट आखूड पडला तर लांब बोल्ट घालतात, इथे काटकसर नको. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा त्याहून वरचा आकडा कोरलेला पाहूनच घ्यावा. एका सिलिंडरच्या इंजिनाचा थरथराट मोठा असतो, म्हणून नायलॉनची कडी असलेला नट घालावा.

लेग गार्डवर जादा फूटरेस्ट बसवून पाय आणखी पुढे टाकण्याची हौस काहींना असते. मोकळ्या महामार्गावर त्याने पायाला विश्रांती मिळते, हे खरे. पण त्या जागेवरून मागच्या ब्रेकपर्यंत पाय यायला एखादा सेकंद जातो, आणि ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. लक्ष्मी रोडवर किंवा कॅम्पात ते फूटरेस्ट दुमडून ठेवलेलेच बरे.

पिशव्या आणि नमुन्याचा माल

फिरतीवरच्या व्यापाऱ्याला दोन्ही बाजूंच्या सॅडल बॅगा फार कामाच्या आहेत. खांद्यावरचे ओझे गाडीवर येते आणि तेही खाली, त्यामुळे तोल राहतो. पण बॅग नुसती सीटवरून टाकून लोंबकळत ठेवू नये. चाकाकडे झुकू नये म्हणून तिला लोखंडी आडकाठी हवी. बॅगेमागे इंडिकेटर झाकला जात नाही ना, आणि सायलेन्सरपासून चांगले चार बोटे अंतर आहे ना, ते पाहावे. कृत्रिम धाग्याचे कापड उष्णतेने वितळते, वरून बॅग शाबूत दिसते आणि आतला थान डागतो.

सुती साडी अर्ध्या किलोच्या आसपास धरली तर वीस साड्यांचे दहा किलो झाले. ते दोन्ही बाजूंना सारखे वाटून भरावे. माणूस, सामान आणि मागची सवारी असे पूर्ण ओझे असेल तेव्हा गाडीच्या पुस्तकात दिलेली भाराची हवा मागच्या टायरमध्ये भरावी.

जादा दिवे आणि रिले

घाटात, पावसात पुढचा दिवा अपुरा वाटतो, म्हणून जादा दिव्यांची मागणी असते. ही जोड चांगली, पण सर्वांत जास्त नासाडी हिच्यातच होते. हिशेब समजून घ्यावा. ६० वॅटचा हॅलोजन बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो. त्याच वायरीला ३५ वॅटचे दोन दिवे जोडले तर आणखी सुमारे ६ अँपिअर वाढले. म्हणजे ५ अँपिअरसाठी केलेल्या स्विचमधून आणि वायरीतून ११ अँपिअर वाहू लागले. स्विच तापतो, वायरीचे प्लास्टिक मऊ पडते आणि एक दिवस हँडलखालून धूर निघतो.

म्हणून रिले लावावा. रिलेला चार पाय असतात आणि त्यांवर आकडे लिहिलेले असतात. ३० क्रमांकाला बॅटरीच्या अधिक टोकाकडून वायर येते, आणि बॅटरीजवळच तिच्यात १० अँपिअरचा फ्यूज बसतो. ८७ क्रमांकावरून वायर दिव्यांकडे जाते. ८५ आणि ८६ पैकी एकाला वेगळ्या स्विचची वायर आणि दुसऱ्याला अर्थ. स्विचला चावीनंतरचा करंट द्यावा, म्हणजे चावी काढली की दिवे बंद होतात आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडत नाही. स्विचमधून जाणारा करंट आता अगदी थोडा असतो, मोठा करंट जाड वायरीतून थेट जातो. जोड सोल्डर करून त्यावर आकसणारी नळी चढवावी. नुसत्या पीळ मारून टेप गुंडाळलेल्या जोडात पहिल्याच पावसात पाणी जाते.

एलईडीचे दिवे करंट कमी घेतात, हा त्यांचा फायदा. पण हॅलोजनसाठी केलेल्या आरशात एलईडीचा बल्ब खुपसला तर उजेड ठरल्या जागी न पडता सगळीकडे फेकला जातो आणि समोरून येणारा माणूस आंधळा होतो. जादा दिवे खाली, किंचित जमिनीकडे झुकलेले बसवावेत आणि समोरून गाडी आली की बंद करावेत. पुढच्या बाजूला लाल दिवा लावण्याला कायद्याची मनाई आहे, मग तो लुकलुकणारा असो की स्थिर.

टायर आणि सायलेन्सर

रुंद टायरची हौस आवरावी. अ‍ॅव्हेंजर २२० क्रूझला मागे १३०/९०-१५ आणि मिटिऑरला १४०/७०-१७ हे माप कंपनीने चेन, स्विंगआर्म आणि मडगार्ड यांच्यातले अंतर धरून दिले आहे. त्याहून रुंद टायर कडेला घासू शकतो, वळणावर गाडी जड पडते आणि घेर बदलला तर स्पीडोमीटर खोटे बोलू लागतो. १२५ सीसीवरच्या सर्व नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. त्याचा सेन्सर चाकाचे फेरे मोजतो, म्हणून अशा गाडीला कुठलेही चाक आणून बसवता येत नाही.

सायलेन्सरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखे थोडेच आहे. तो बदलू नये. ८० सीसीवरच्या आणि १७५ सीसीपर्यंतच्या गाडीला ७७ डेसिबल आणि त्यावरच्या गाडीला ८० डेसिबल ही कारखान्यातून निघतानाची मर्यादा आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. सायलेन्सर बदलला की पेट्रोल-हवेचे प्रमाण बिघडते, इंजिन जास्त तापते आणि गाडीचा ओढा वाढण्याऐवजी घटतो. पुण्यात पोलिसांनी असे जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवला आहे. आवाजाचे प्रदूषण करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जाते. शिवाय गल्लीत कुणी आजारी असते, कुणाचे लेकरू नुकतेच झोपलेले असते, हेही आपल्याला कळले पाहिजे.

विकणाऱ्याने आणि बसवणाऱ्याने काय जपावे

बरेच दुकानदार आणि फिटर असे समजतात की दंड झाला तर गाडीवाल्याला होईल, आपला काय संबंध? हा समज बरोबर नाही. १९८८ च्या कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या बाबींशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात हेच पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२-अ आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या गाडीमालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सरकारने सुरक्षेसाठी महत्त्वाचा म्हणून जाहीर केलेला भाग नियमाप्रमाणे नसताना विकला, तर विकणाऱ्याला प्रत्येक नगामागे एक लाखाचा दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. छोट्या दुकानदाराचे वर्षभराचे भांडवल एका नगात जाऊ शकते, हे ध्यानात घ्यावे.

म्हणून चार गोष्टी पाळाव्यात. पहिली, बिल द्यावे, त्यावर मालाचे नाव आणि गाडीचा नंबर लिहावा. दुसरी, काढलेला मूळ भाग पिशवीत बांधून गिऱ्हाईकाच्या हाती द्यावा. तो विकून चार पैसे मिळतात, पण विश्वास जातो. तिसरी, जुना माल घेताना विकणाऱ्याची खातरजमा करावी. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात प्रामाणिक माल पुष्कळ आहे, पण चोरीच्या गाडीचा सुटा भाग आपल्या दुकानात सापडला तर उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. चौथी, साडी गार्ड काढणे, ब्रेकच्या नळीत जोड घालणे, आवाजाचा सायलेन्सर बसवणे या तीन कामांना सरळ नकार द्यावा. ‘शेजारचा करून देतो’ असे गिऱ्हाईक म्हणेल. म्हणू द्यावे. सीट, बॅकरेस्ट, जाळी, आडकाठी, वायरिंग या कामांत मजुरी चांगली आहे, आणि ती हाताच्या हुन्नराची मजुरी आहे, तयार माल विकून मिळणाऱ्या कमिशनसारखी नाही. चांगली सीट शिवणाऱ्याकडे माणूस पत्ता विचारत येतो.

गाडीमालकानेही लक्षात ठेवावे की जादा साजाची नोंद विमा कंपनीकडे केली नाही तर अपघातात त्याची भरपाई मिळत नाही आणि मोठा बदल असेल तर सगळ्या दाव्यालाच हरकत घेतली जाते. गाडी वॉरंटीत असताना कंपनीची वायर कापली तर विजेच्या भागाची वॉरंटी धोक्यात येते. गाडीचा रंग नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो, तो बदलण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे.

क्रम आणि शेवटची तपासणी

पैसा थोडा असेल तर क्रम असा ठेवावा : प्रथम आयएसआय छापाची दोन हेल्मेट, कारण मागच्या माणसालाही डोके आहे. मग सीट आणि बॅकरेस्ट. मग मजबूत लेग गार्ड. मग बॅगा आणि त्यांची आडकाठी. मग रिलेसह दिवे. शोभेच्या पट्ट्या, झालरी, क्रोमच्या टोप्या पैसा उरला तर. आणि सगळे एका दिवशी बसवून घेऊ नये. एकेक जोड द्यावी, आठवडाभर चालवून पाहावी, मग पुढची. म्हणजे काही खडखडले तर ते कशामुळे, हे लगेच कळते.

काम झाल्यावर शंभर किलोमीटर चालवून पुन्हा फिटरकडे जावे आणि नवा प्रत्येक बोल्ट आवळून घ्यावा. हँडल दोन्हीकडे वळवून पाहावे. ब्रेकचा दिवा, इंडिकेटर, हॉर्न पाहावा. शेवटी घरातल्या ज्या बाईला त्या गाडीवर बसायचे आहे तिला तिच्या नेहमीच्या कपड्यांत गाडीवर बसवावे, गाडी उभी असतानाच. पाय नीट ठेवता येतो का, हाताला मूठ लागते का, पदर किंवा दुपट्टा सोडला तर तो जाळीवर अडतो की चाकापर्यंत पोहोचतो, हे पाहावे. चाकापर्यंत पोहोचत असेल तर गाडी तिथूनच कारागिराकडे परत न्यावी.